न टोचलेल्या चार कलेज्या

त्या काचेच्या भांड्यात मागाहून चार कलेज्या टाकल्या त्या मी. ताईने नाही. हे मी बायकोला सांगितलेलं नाही, भाच्याला नाही, पनवेलच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी दोनदा खोदून विचारलं तेव्हा त्यांनाही नाही. सहा वर्षं झाली. ताईला तर नाहीच नाही.

कोंबडीच्या चार कलेज्यांचं एवढं काय, असं वाचणाऱ्याला वाटेल. मलाही पहिले काही तास तसंच वाटलं होतं. आधी सांगण्यासारखं काही नाही म्हणून गप्प राहिलो, आणि मग सांगायची वेळ निघून गेली म्हणून.

ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आमचं घर कडावचं, भातशेतीचं. आई गेली तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्यानंतर मला आंघोळ घालणं, शाळेत सोडणं, ताप आला तर कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं ताईने केलं. ती लग्न होऊन खालापूरकडच्या एका गावात गेली तोवर माझं आईपण तिच्याकडेच होतं.

पाहुणा आला की घरची कोंबडी कापायची. एका कोंबडीत कलेजी एकच. ती माझ्या ताटात यायची. पेटा, म्हणजे कोंबडीच्या पोटातली दाणे दळणारी टणक गाठ, तो बाबांना. मान आणि पाय ताईला. हे वाटप कुणी ठरवलं ते माहीत नाही. मी कधी विचारलं नाही आणि तिने कधी बदललं नाही.

पेटा साफ करताना बघायला मला फार आवडायचं. ती तो मधोमध चिरायची, आतली वाळू, खडे, भाताची तुसं धुऊन काढायची आणि मग आतली पिवळी साल नखाने सोलायची. ती साल एका ओढीत सबंध निघाली तर मला दाखवायची. एकदा एका पेट्यातून निळ्या बांगडीचा तुकडा निघाला, दळून दळून कडा गुळगुळीत झालेला. "घे, तुला हिरा," म्हणाली. मी तो कितीतरी दिवस खिशात घालून फिरत होतो.

कलेजीचं काम वेगळं. पित्ताची हिरवी पिशवी अलगद कापून टाकायची, ती फुटली तर सगळं कडू. मग कलेजी टोचायची. त्यासाठी तिच्याकडे मोडक्या छत्रीची एक तार होती, एक टोक दगडावर घासून अणकुचीदार केलेलं आणि दुसऱ्या टोकाला धरायला चिंधी गुंडाळलेली. त्या तारेला ती टोचणी म्हणायची. प्रत्येक कलेजीला तीन भोकं. ओठ हलायचे, एक, दोन, तीन.

"कशाला गं टोचतेस?" मी विचारायचो.

"वरनं पापुद्रा अस्तो रं. आत वाफ कोंडती. आपण वाट नाय दिली तर ती आपली आपण करती. मंग तेल तोंडावर."

तिच्या मनगटावर एक पांढरा डाग होता. न टोचता तळलेल्या पहिल्या आणि शेवटच्या कलेजीचा, असं ती सांगायची. टोचणी तिच्याबरोबर सासरी गेली, आणि पुढे ती माझ्याकडे राहायला यायची तेव्हा साड्यांच्या पिशवीत गुंडाळून तीही यायची. "तुमच्या घरात सगळं हाय, पण टोचणी नाय," म्हणायची.

मी खोपोलीच्या एका कारखान्यात नोकरीला. घर कर्जतजवळच्या दहिवलीत, दुसऱ्या मजल्यावर. सहा वर्षांपूर्वी आखाडात बायको जिन्यावरून घसरली आणि पाय प्लास्टरमध्ये गेला. भावोजी तोवर गेले होते, भाच्याचं लग्न झालं होतं, घर सांभाळायला सून होती. ताई पंधरा दिवसांसाठी आमच्याकडे आली.

आमच्याकडे मायक्रोवेव्ह होता, आदल्या दिवाळीत मी हौसेने आणलेला. ताई त्याला पेटी म्हणायची.

"ह्या पेटीत जाळ कुठं हाय रं?"

"जाळ नाय ताय, लाटा असतात."

"लाटा? मंग पाणी कुठं हाय?"

आतून, पलंगावरून, बायको हसली. "वन्सं, ह्यांनाच नीट माहीत नाही. त्यांना विचारू नका." मी मात्र ऐटीत ताईला सगळं शिकवलं. कोणतं बटण किती वेळा दाबायचं, टिंग वाजलं की दार कसं उघडायचं. आणि एक नियम घालून दिला. आमच्याकडे चौकोनी काचेचं भांडं होतं, त्याच्या झाकणाला चारही बाजूंनी खटके. पदार्थ आत उडून पेटीच्या भिंती बरबटायच्या आणि त्यावरून बायको मला बोलायची. म्हणून मी ताईला सांगितलं, "झाकण घट्ट लावायचं. चारही खटके." तिने तो नियम माझ्यासमोर तीनदा म्हणून दाखवला. न शिकलेल्या माणसाला नवीन गोष्ट शिकवताना जे सुख होतं ते मला होत होतं.

त्याच वर्षी माझ्या पायाचा अंगठा सुजून लाल झाला होता. यूरिक अ‍ॅसिड निघालं. डॉक्टरांनी कलेजी-पेटा बंद म्हणून सांगितलं. बायकोने ते मनावर घेतलं आणि ताईही तिच्या बाजूने गेली. "दोन देईन. तिसरी मागायची नाय," ताई म्हणाली. लहानपणी अख्खी कलेजी माझ्या ताटात टाकणारी माझी बहीण मला दोन मोजून देणार होती. पन्नाशीला टेकलेला माणूस मी, पण मला त्याचा राग आला होता. खोटं कशाला बोलू.

आखाडातला शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, म्हणून नाक्यावरच्या चिकनच्या दुकानासमोर रांग लागलेली. घरातून सांगितलं होतं तेवढं मी घेतलं, एक कोंबडी आणि थोडा कलेजी-पेटा. निघता निघता दुकानदाराला म्हणालो, "चार कलेज्या वेगळ्या दे रे. लहान पिशवीत."

"मांजर पाळली काय?" तो म्हणाला. रांगेतली दोघंतिघं हसली. मीही हसलो आणि ती पिशवी रेनकोटच्या आतल्या खिशात घातली. घरापर्यंत ती छातीशी गार लागत होती.

ताईने पेटा आधी कुकरला लावला, तो शिजायला वेळ घेतो. मग रस्सा केला. कलेजी सगळ्यात शेवटी तव्यावर परतायची होती. तिने सहा कलेज्या ताटलीत घेतल्या आणि टोचायला बसली. मी दाराला टेकून उभा होतो. एक, दोन, तीन. हळद, मीठ, आलं-लसूण लावलं. गॅस पेटवला, तवा ठेवला, आणि तव्याखालची ज्योत बारीक होत होत गेली. सिलिंडर संपला. दुसरा आधीच रिकामा होता. नंबर लावायचं काम माझं होतं आणि मी ते विसरलो होतो.

"आता?" ताई म्हणाली.

"पेटीत टाकू की."

"त्यात परततं व्हय?"

"परतत नाय, पण शिजतं मस्त. टाक थोडं तेल."

तिने सहाही कलेज्या त्या चौकोनी भांड्यात घातल्या, वरून चमचाभर तेल सोडलं. तेवढ्यात बायकोने आतून हाक मारली, तिला बाथरूमपर्यंत आधार हवा होता. ताई हात धुऊन गेली.

ती दोन-तीन मिनिटं. मी खुंटीवरच्या रेनकोटमधून पिशवी काढली, चार कलेज्या भांड्यात ओतल्या, चमच्याने खाली सारल्या, मसाला वरखाली केला. नंतर वाढताना सहाच्या दहा कशा झाल्या, यावर ताई फार तर दटावेल, आणि देईल, असा माझा हिशेब. टोचायचं मनातही आलं नाही असं म्हणणार होतो, पण तेही खरं नाही. टोचणी ताटलीत समोर होती. मला ती दिसली. ताई येईल म्हणून मी घाई केली. मग झाकण लावलं, चारही खटके.

"लावलंस व्हय झाकण?" ती परत आली.

"लावलं."

"थांब, मीच दाबते. मला येतं आता." तिने पदराला बोट पुसलं आणि बटणं दाबली. मी पेपर घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन बसलो, कारण टिंग वाजताना मला तिथे असायचं नव्हतं.

आतून फट् असा आवाज आला, मग परत एकदा.

"आत कोण टिचक्या मारतंय रं?" ताईने विचारलं, हसत.

"होतं तसं," मी पेपरातून म्हणालो.

टिंग वाजलं. दार उघडल्याचा आवाज आला, भांडं ओट्यावर ठेवल्याचा आला. मग खटके, एकामागून एक, चार. शिजलंय का ते बघायला ती वाकली असेल, चमच्याने एखादी दाबून बघितली असेल. नंतर जो आवाज आला तो मोठा नव्हता. भिजलेला फटाका उडावा तसा, दबका. ताई ओरडली नाही. "अगं बाई," एवढंच म्हणाली आणि खाली बसली.

मी पोचलो तेव्हा तिने दोन्ही हातांनी डावा डोळा झाकला होता आणि बोटांच्या फटींतून हळदीचं तेल येत होतं.

शेजाऱ्यांना बायकोपाशी बसवून मी तिला रिक्षाने कर्जतमधल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळा धुतला आणि पनवेलला पाठवलं. तोवर भाचा टेंपो घेऊन आला. पनवेलच्या डॉक्टरांनी विचारलं, काय उडालं, कसं उडालं. मी म्हणालो, "कलेजी गरम करत होती." वाक्यातला कर्ता मी तेव्हाच बदलला होता.

पट्टी बांधल्यावर ताईला बाकावर बसवलं. एका बाजूला मी, एका बाजूला भाचा. तिने पट्टीच्या कडा चाचपल्या. मग माझा हात धरून म्हणाली, "मी टोचल्या व्हत्या रं. सगळ्या टोचल्या व्हत्या." मग परत म्हणाली, "का एखादी राह्यली?"

मी म्हणालो, "राहिली असेल एखादी, ताई."

हेच ते. डोळ्याचं म्हटलं तर अपघात झाला, माझ्या लोभाने आणि अडाणीपणाने झाला, पण अपघात. हे वाक्य मात्र मी शुद्धीवर असताना, तिचा हात हातात असताना बोललो. भाचा तिथेच होता. रेनकोटच्या खिशातून लपवून कलेजी आणली होती हे त्याच्यासमोर बोलायची मला लाज वाटली. एवढं फुटकळ कारण.

"आई, तुला किती वेळा सांगतो, घाई नको करत जाऊस," भाचा म्हणाला. प्रेमानेच म्हणाला.

"माजंच चुकलं मंग," ताई म्हणाली.

संध्याकाळी घरी येऊन मी ओटा आवरायला घेतला. भिंतीवर, टाइल्सवर, मसाल्याच्या डब्यांवर चिंध्या उडालेल्या. भांड्याच्या झाकणालाही आतून चिकटलेल्या होत्या. भांड्यात मात्र काही कलेज्या अख्ख्या होत्या. मी त्या एकेक उचलून ताटलीत ठेवल्या. सहा. प्रत्येकीला तीन भोकं, शिजून थोडी रुंदावलेली, अगदी स्पष्ट. एकही राहिली नव्हती. मी दिव्याखाली धरून परत मोजलं. मग त्या पिशवीत बांधल्या, खाली गेलो आणि कचऱ्याच्या डब्यात टाकून आलो. वर आलो तर बायकोने विचारलं, "काय टाकलंत?"

"घाण," मी म्हणालो.

श्रावणात ताईचं ऑपरेशन झालं. डाव्या डोळ्याला उजेड आणि अंधार एवढंच कळतं, बाकी नाही.

बऱ्याच दिवसांनी खणात त्या मशीनबरोबर आलेली पुस्तिका सापडली, प्लास्टिकसुद्धा न फोडलेली. साल किंवा पापुद्रा असलेला पदार्थ आधी टोचून घ्यावा, झाकण सैल ठेवावं, काढल्यावर जरा थांबून मग तोंड लांब ठेवून उघडावं, असं त्यात चित्रासकट होतं. कलेजीचं नावही होतं. माझ्या न शिकलेल्या बहिणीला जे कळत होतं तेच त्यात छापलेलं होतं, आणि घट्ट झाकणाचा नियम तिला मी शिकवला होता.

डोळा गेला तरी ताई काम करत राहिली असती. एका डोळ्याने भाकरी थापणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. तिचं वेगळंच सुरू झालं. वर्षभराने भाचेसून मला म्हणाली, "मामा, आईंनी परवा डाळीत तीनदा मीठ घातलं. घातलं का नाय त्यांना आठवतच नाय." मी गेलो की ताई स्वतःच विचारायची, "मी गॅस बंद केला व्हता ना रं?" दाराला कडी लावून दोनदा परत जाऊन बघायची. तिचं डोकं उत्तम होतं, आजही आहे. केव्हाच लग्न होऊन गेलेल्या माझ्या मुलीच्या बारशाला कोणी काय आणलं ते ती सांगते. तिचा फक्त स्वतःच्या हातांवरचा विश्वास गेला होता. तीन भोकं मोजून पाडणारे हात एकदा चुकले असं तिला सांगितलं गेलं होतं, आणि सांगणारा मी होतो, म्हणून तिने ते खरं मानलं. मीठ तिसऱ्यांदा घालताना तिला आधीचं आठवत असणार. आठवतंय ते खरं का, एवढंच तिला कळत नसणार.

भाच्याने काळजीपोटीच तिला चुलीपासून दूर केलं. आता ती घरी एकटी असली की सिलिंडरचं बटण खालून बंद असतं. तिला लसूण सोलायला देतात, तांदूळ निवडायला देतात, तेही सून परत एकदा बघते. ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या अलीकडे पाट घेऊन बसते. आत जात नाही.

टोचणी तिने मलाच दिली. "माज्याकडनं टोचायचं राहतंय आता. तू ठेव." लोक म्हणतात मनाला टोचणी लागली. माझ्याकडे ती कपाटात आहे, चिंधीसकट, इस्त्रीच्या शर्टांखाली.

पेटी आम्ही वापरत नाही. चादरीत गुंडाळून गॅलरीत ठेवली आहे, बायको तिच्यावर कपड्यांचे चिमटे ठेवते. वायर तोडलेली आहे. तरी रविवारी दुपारी पेपर वाचताना मला आतून टिंग ऐकू येतं. मग खटके, एकामागून एक. मी चार मोजतो. पाचव्याची वाट बघावी तसा थांबतो आणि मग ताईचा आवाज येतो, आत कोण टिचक्या मारतंय रं. मोहरी तडतडली तरी माझा हात डोळ्यावर जातो. बायकोला वाटतं मला त्या दिवसाची धास्ती बसली आहे. "तुम्ही फार मनाला लावून घेतलंत. वन्सं तरी एवढं धरून नाहीत," ती म्हणते. मी मान हलवतो.

दर आखाडात एकदा मी सहा कलेज्या आणतो. गॅसवर, साध्या तव्यावर, मंद आचेवर परततो. आधी टोचून घेतो, तोंडाने मोजून, एक, दोन, तीन. कधीही काही उडत नाही. तळलेल्या कलेज्या खाली नेऊन मांजरीला घालतो. दुकानदाराचा विनोद असा खरा झाला आहे.

मागच्या महिन्यात ताईकडे गेलो होतो. तिच्याकडे गेलो की मी तिच्या डाव्या हाताला बसतो. हे मी ठरवून करत नव्हतो असं मला बरीच वर्षं वाटत होतं. त्या बाजूने तिला माझा चेहरा दिसत नाही. बघायचं तर तिला पूर्ण मान वळवावी लागते, आणि मानेचं दुखणं असल्यामुळे ती सहसा वळवत नाही.

आत भाचेसून कोंबडी शिजवत होती. मामा आला म्हणून. मसाल्याचा वास आला तशी ताईने नाक वर केलं आणि हळूच म्हणाली, "लसूण करपतोय. पण मी बोलनार नाय. मला काय कळतंय."

"बोल की," मी म्हणालो.

"नको रं. ती म्हनंल, आईंना वास पन भलतेच येतात." हसली. लसणीची साल फुंकून उडवली. मग मान वळवली, सगळी, दुखत असताना, आणि चांगल्या डोळ्याने माझ्याकडे बघून म्हणाली, "तू दाराशी हुबा व्हतास ना रं त्या दिवशी? मी टोचत व्हते तवा?"

"होतो."

"मंग सांग ना. मी सगळ्या टोचल्या व्हत्या का नाय?"

सहा वर्षांत तिने हे मला दुसऱ्यांदा विचारलं. माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. तेवढ्यात सून ताट घेऊन दारात आली. "काय मामा, कसल्या गप्पा?" ताटात भाकरी, रस्सा, आणि कडेला कलेजी. एका कोंबडीतली एकच, माझ्यासाठी काढून ठेवलेली.

"आईंनीच सांगितलं, कलेजी मामाला वाढ म्हणून," सून म्हणाली.

मी म्हणालो, "ताय, जाऊ दे आता जुनं."

ताईने मान सरळ केली आणि पुढचा लसूण घेतला.

मी ती कलेजी खाल्ली. तिला एकही भोक नव्हतं.

माझ्यावर ताईचं देणं आहे ते हे. तिच्या उजव्या बाजूला बसून, भाचा, सून आणि माझी बायको समोर असताना तिला सांगायचं, की ताई, तू सहाच्या सहा टोचल्या होत्यास, मी नंतर मोजल्या; फुटल्या त्या माझ्या चार; चुकलं ते माझं, तुझ्या हातांचं कधीच काही चुकलं नव्हतं. आणि तिची टोचणी तिला परत द्यायची. यातलं मी अजून काहीच केलेलं नाही.